दिवसाला एकच संत्रं

वरूड
१७ नोव्हेंबर २०२४

सौ. मायाताईंना कौशल्याचा नमस्कार.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. माझ्या कानाचं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं. मागच्या वेळी तुम्ही प्रणालीबद्दल बरंच लांबलचक सांगितलंत, त्यातलं मला फक्त ‘बरं बरं’ ऐकू आलं. विहिणीशी बोलायचं आणि निम्मं ऐकायचं, हे काही खरं नाही. आमच्या शेजारच्या श्यामची गाडी दर आठवड्याला संत्री घेऊन अकोल्याच्या मार्केटला जाते. क्रेटमध्ये हे पत्र ठेवते आहे. उत्तर त्याच्याच हाती द्या.

सुनेला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मुकाट्यानं पाठवली तिला तुमच्याकडे. नाही तर मीच अमरावतीला अंकुरच्या घरी जाऊन बसले असते. लेक तुमची असली तरी पोटातलं आमचं आहे, एवढं ध्यानात ठेवा म्हणजे झालं!

संत्री पहिल्या तोडीची आहेत. अंकुरच्या बाबांनी गड्याला हात लावू दिला नाही, स्वतः एक एक तोडलं. सोबत डिंकाचे लाडू. गूळ हात सैल सोडून घातला आहे. रोज सकाळी दोन द्या. आणि आमच्याकडची एक रीत, सासरहून आलेलं फळ आधी सुनेच्या तोंडी लागतं, मग शेजारी वाटायचं. पण खरं सांगू? वाटूच नका. सगळी तिचीच आहेत.

ओटीभरणाला नातेवाईक घेऊन मी येतेच आहे. तारीख कळवा.

तुमची विहीण,
कौशल्या


अकोला
२० नोव्हेंबर २०२४
(पाठवलं नाही)

कौशल्याताई,

क्रेट पोचलं. तुम्हाला फोनवर जे लांबलचक सांगायचा प्रयत्न केला होता, तेच आता लिहिते. प्रणालीला साखर निघाली आहे. गरोदरपणातली. डॉक्टरबाई म्हणतात, अशी पुष्कळजणींना निघते आणि बाळंतपणानंतर बहुतेकींची जाते. पण तोवर ती आवरली नाही तर बाळ वाजवीपेक्षा मोठं होतं, बाळंतपण अवघड होतं, आणि जन्मल्यावर बाळालाही त्रास होऊ शकतो. पंधरा दिवस खाण्यापिण्यानं बघायचं, नाहीच जमलं तर इन्सुलिन.

त्यांच्याकडची आहार सांगणारी मुलगी हुशार आहे. तिनं रोज दोन्ही जेवणांआधी वाटीभर सॅलड सांगितलं. कागदावर ब्रोकोली, लेट्यूस आणि अॅव्होकाडो असं छापलेलं आहे. प्रणालीच्या बाबांनी जठारपेठेत अॅव्होकाडो मागितला, तर भाजीवाला म्हणाला, “काका, ते मेडिकलमधी भेटन.” परवा हसलो, काल रडलो.

हे सगळं तुम्हाला सांगायला जीभ रेटत नाही, कारण लग्नाच्या हॉलमध्ये तुम्हीच मला तुमच्या जावेच्या सुनेची गोष्ट सांगितली होती. तिला पोटात लेकरू असताना साखर निघाली, तेव्हा सगळी भावकी म्हणाली होती, बिमार पोरगी गळ्यात मारली. तुम्ही ते सांगत होता आणि मी अक्षतांचं ताट हातात धरून उभी होते. ते वाक्य माझ्या


अकोला
२० नोव्हेंबर २०२४

सौ. कौशल्याताईंना सप्रेम नमस्कार.

क्रेट आणि डबा, दोन्ही सुखरूप पोचलं. लाडवांचा वास घरभर सुटला आहे. डबा लवकरच रिकामा होईल, काळजी नसावी. संत्री तर काय वर्णावी! एकही बाहेर जाऊ दिलं नाही. इतकी फोडून खाणं पोरीला होत नाही, म्हणून रोज सकाळी ताजा रस काढून पेलाभर देते. वरून साखर अजिबात घालत नाही, तुमच्या फळाला गरजच नाही.

एक विचारायचं होतं. हल्ली शहरात जेवणाआधी कच्च्या भाज्या आणि फळं खायची टूम निघाली आहे, सॅलड म्हणतात. प्रणालीलाही खायची आहेत. तुमच्या शेताकडे थंडीत असं काही करतात का? सहज विचारते आहे.

ओटीभरणाची तारीख डिसेंबरच्या शेवटी धरू.

आपली,
माया


वरूड
२४ नोव्हेंबर २०२४

मायाताई, नमस्कार.

तुमचं पत्र अंकुरच्या बाबांना वाचून दाखवलं. पेलाभर रस रोज, हे ऐकून माणूस इतका खूश झाला की दोनदा वाचायला लावलं. “रस पेते म्हणते सून! मंग एका क्रेटनं काय होते?” असं म्हणत बागेत गेले आणि विहिरीकडच्या ओळीतली झाडं, जी कुणाला दाखवतसुद्धा नाहीत, ती तोडून आले. या वेळी दोन क्रेट आहेत. सगळ्यात गोड माल. श्यामला सांगून ठेवलं आहे, आदळायचं नाही.

लाडू संपले असतील तर कळवा, घाणा परत घालते.

आणि ते सॅलड की काय! अहो ताई, तुम्ही अकोल्याच्या, शाळेत शिकवणाऱ्या, आणि घोळाणा विसरलात? मेथी, मुळा, पातीचा कांदा चिरून, दाण्याचा कूट घालून आपण थंडीभर खातो, तेच की ते. त्याला छापील कागद कशाला लागतो? तुमच्या आईनं केला असेल, आठवून बघा. सुनेला डोहाळा लागला असेल तर भरपूर द्या.

पण ‘सहज विचारते’ हे तुम्ही उगाच लिहिलंत असं मला वाटलं. सहज विचारणारा माणूस असं लिहीत नाही. सगळं ठीक ना?

कौशल्या


अकोला
३ डिसेंबर २०२४

कौशल्याताई,

सगळं ठीक नाही. सोबत एक अर्धवट पत्र आहे, वीस तारखेचं. आधी ते वाचा, मग हे.

वाचलंत? आता पुढचं ऐका. काल पंधरा दिवस झाले म्हणून तपासायला गेलो. मला खात्री होती की साखर उतरली असणार. भात बंद, बटाटा बंद, तुमचे लाडू मी कामवाल्या बाईला आणि शाळेतल्या शिक्षकांना वाटले, प्रणालीच्या तोंडीसुद्धा लागू दिले नाहीत. आणि आकडा आला तो आधीपेक्षा वर. डॉक्टरबाईंनी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाते ते विचारलं. प्रणालीनं सांगितलं, सकाळी संत्र्याचा रस. “किती संत्र्यांचा?” पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, पाच-सहा. बाईंनी पेन खाली ठेवलं.

“साखर नाही हो घालत त्यात,” मी म्हणाले.

“ती आतच आहे, मॅडम. एक संत्रं फोडी करून खाल्लं असतं तर चोथा पोटात गेला असता, साखर हळूहळू चढली असती. तुम्ही पाच-सहा संत्र्यांची साखर एका पेल्यात दिली आणि चोथा टाकून दिला.”

तुमची फळं वाटायची नव्हती, वाया घालवायची नव्हती, आणि ती कमी पाठवा असं सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून मी ती पिळून पिळून पोरीला पाजली. तुम्हाला माहीत नव्हतं. मला तर माहीत होतं. अंकुररावांना मीच शपथ घातली होती की आईंना बोलायचं नाही, त्यांच्यावर रागावू नका.

आणखी एक आठवडा दिला आहे. बाळ आताच थोडं मोठं दिसतं आहे. मला फार भीती वाटते, ताई. भावकीची नाही आता, बाळाची.

माया


वरूड
५ डिसेंबर २०२४

मायाताई,

रागात लिहून राहिली, म्हणून जशी बोलते तशीच लिहीन. शिकलेल्या बाईले खटकलं तर खटको.

मले काहून नाही सांगतलं? पंधरा दिवस मी इकडे गोड झाड शोधून राहिली अन् तिकडे माह्याच हातानं माह्या सुनेले बाधून राहिलं. अंकुरच्या बाबाले सांगतलं तर माणूस बागेतून घरातच नाही आला. बांधावर बसून राहिले. “माह्या संत्र्यानं लेकराले तरास झाला,” एवढंच म्हणे. त्यायले मी काय सांगू?

अन् ते जावेच्या सुनेची गोष्ट. मी कायले सांगतली होती ते तरी इचारा! भावकीनं त्या पोरीले जे बोल लावले, ते ऐकून मी दोन वर्सं जावेच्या घरचं पाणी नाही पेली. तुमी ध्यान देऊन ऐकलं असतं तर ते समजलं असतं. तुमी मलेच त्या भावकीत नेऊन बसवलं. लय वाईट वाटलं मले.

आता पाणी प्यायले. पुढचं नीट लिहिते.

रस बंद. लाडू बंद. मी दुपारी आमच्या धाकटीला, आचलला, तिचा मोबाईल घेऊन बसवलं आणि अंकुरकडून तुमच्या डॉक्टरबाईंना विचारून घेतलं, पोरगी काय खाऊ शकते. अॅव्होकाडोवाचून कोणाचं अडत नाही. असं करा. कोवळी मेथी, हरभऱ्याचे शेंडे, मुळा पाल्यासकट, पातीचा कांदा, एक गाजर. पाला मिठाच्या पाण्यात बुडवून, मग तीनदा साध्या पाण्यानं धुवा, पोटुशी बाई आहे. सगळं चिरायचं, किसायचं नाही. चावायला लागलं पाहिजे. त्यात ओल्या तुरीचे दाणे वाफवून मूठभर. जाम घ्या, तुम्ही शाळेत पेरू शिकवता तोच, पण कडक, आणि अर्धाच. दाण्याचा कूट जाडसर, भाजलेली जवस थोडी, लिंबू, मीठ, हिरवी मिरची. वरून कच्चं फल्ली तेल, शेंगदाण्याचं, चमचाभर. आणि हो, संत्र्याच्या फोडी, फक्त बिया काढून. अर्धं संत्रं दुपारी, अर्धं संध्याकाळी. हा वाडगा आधी खायचा, भाकर त्याच्यानंतर.

श्याम क्रेट घेऊन येतो आहे. क्रेट मोठं आहे म्हणून घाबरू नका, उघडून बघा.

कौशल्या


अकोला
१३ डिसेंबर २०२४

कौशल्याताई,

क्रेट उघडलं. भरपूर गवत, आणि त्यात मधोमध सात संत्री. प्रणालीच्या बाबांना वाटलं, बाकीची वाटेत चोरीला गेली. मग चिठ्ठी सापडली, भगवंतराव व्याह्यांच्या हातची, ‘दिवसाला एक’. जन्मात कधी मोजून फळ न दिलेल्या माणसानं सात मोजली. मला स्वयंपाकघरात जाऊन उभं राहावं लागलं.

घोळाणा रोज होतो. पहिल्या दिवशी प्रणालीनं नाक मुरडलं. म्हणाली, “आई, हे शेळीचं खाणं आहे.” दुसऱ्या दिवशी संत्र्याची फोड आणि मिरची एका घासात आली, तेव्हा गप्प बसून खाल्लं. आता जेवायच्या आधी स्वतःच चिरायला बसते. मला मात्र अजून मेथी तुमच्यासारखी बारीक चिरता येत नसावी, कारण ती म्हणते सासूबाईंच्या हातची वेगळी लागते. ऐकून मला आवडलं नाही, पण लिहिते. आता काही लपवायचं नाही असं ठरवलं आहे ना!

म्हणून हेही लिहिते. जेवणानंतरची साखर उतरली. सकाळची, उपाशीपोटीची, उतरली नाही. कालपासून रात्री इन्सुलिन सुरू केलं आहे, थोडंच. पहिली सुई घेताना पोरगी हमसून रडली. “एवढं सगळं केलं, मग माझं काय चुकलं?” असं विचारत होती. तुमच्याकडे उत्तर असेल तर पाठवा.

माया


वरूड
१५ डिसेंबर २०२४

चि. प्रणालीस आणि मायाताईंस,

हे दोघींसाठी. प्रणाली, तुझं काही चुकलं नाही. तुझे सासरे बागेला वेळेवर पाणी देतात, खत देतात, तरी एखाद्या वर्षी फवारा मारावाच लागतो. म्हणून कोणी पाणी देणं बंद करत नाही, आणि माळ्याला कोणी नावं ठेवत नाही. सुई घे, घोळाणाही खा. दोन्ही लेकरासाठीच आहे.

तुझ्या आईला सांग, मेथी चिरायची नसते, हातानं तोडायची असते. मी मागच्या पत्रात चुकीचं लिहिलं. तिची काही चूक नाही.

ओटीभरणाला अठ्ठावीस तारखेला येतो. इंदूबाई, म्हणजे माझी मोठी नणंद, येणार म्हणते. ती पेढे आणणार. मायाताई, तुम्ही मधे बोलू नका, ते माझ्यावर सोडा.

कौशल्या


अकोला
२ जानेवारी २०२५

कौशल्याताई,

तुम्ही गेल्यापासून घर सुनं वाटतं आहे, आणि जे तोंडावर बोलता आलं नाही ते लिहावंसं वाटतं.

इंदूबाईंनी पेढा पुढे केला तेव्हा मी घाईनं पुढे सरकले. मी तर ठरवूनच ठेवलं होतं की सांगायचं, पोरीला मळमळतं आहे. तुम्ही सरळ त्यांचा हात धरलात. “इंदूबाई, तिले शुगर आहे. पेढा नोका देऊ.” मग इंदूबाई म्हणाल्या, “पोरगी पाहतानी तर कोणी नाही सांगतलं!” मला वाटलं, आता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. आणि तुम्ही तिची ओटी सावरत, मान वरसुद्धा न करता म्हणालात, “तवा नव्हती. आता आहे. बाळंतपण झालं का जाईन बी. अन् नाही गेली तरी सून माहीच आहे.”

ताई, मी प्रणालीची आई आहे. पण हे मला बोलता आलं नव्हतं, महिनाभर. मी ते लपवत बसले होते. तुम्ही ते चारचौघींत बोललात आणि पोरीनं मान वर केली, तशी ती पंधरा दिवसांत वर केली नव्हती.

पहिला घास म्हणून तुम्ही तिच्या तोंडात मीठ लावलेली जामाची फोड घातलीत, तीही सगळ्यांनी पाहिली. नंतर इंदूबाईंनी घोळाणा तीनदा वाढून घेतला. जाताना मला हळूच विचारत होत्या, “गुडघेदुखीले चालते काय हो हा?” मी म्हटलं, विहीणबाईंना विचारा.

आकडे चांगले येत आहेत. दवाखान्यातली आहार सांगणारी ती मुलगी घोळाणा लिहून घेऊन गेली. तिच्या कागदावर आता अॅव्होकाडोच्या जागी पेरू आहे.

माया


अकोला, दवाखान्यातून
११ फेब्रुवारी २०२५, सकाळ

कौशल्याताई,

हे पत्र श्यामच्या गाडीनं पोचेपर्यंत फार उशीर होईल, म्हणून लिहून त्याचा फोटो आचलच्या मोबाईलवर पाठवते आहे.

अंकुररावांचा मेसेज तुम्हाला मिळाला असेल. मुलगी झाली, दोघी छान आहेत. तसं लिहा म्हणून मीच त्यांना सांगितलं. ते बाहेर गेले आणि मला माझीच लाज वाटली. पुन्हा तेच करायला निघाले होते मी.

प्रणाली खरंच छान आहे. बाळंतपण नीट झालं, बाळाचं वजनही चांगलं आहे, फार जास्त नाही. पण बाळाची साखर कमी झाली आहे. जन्मल्यावर तासाभरात ती थरथरायला लागली. नर्सनं टाचेतून थेंबभर रक्त काढून पाहिलं आणि उचलून काचेच्या खोलीत नेली. आईची साखर पोटात मिळत होती, ती नाळ कापली तशी तुटली, आणि एवढ्याशा जिवाला स्वतःची सावरता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. सलाईन लावलं आहे. बहुतेक बाळं एक-दोन दिवसांत सावरतात असंही म्हणाले. बहुतेक, असं म्हणाले.

ज्या साखरेला आपण तीन महिने घाबरलो, तीच आता तिच्या अंगी थोडी यावी म्हणून मी काचेबाहेर उभी आहे. तिला अजून मांडीवर घेतलेलं नाही. कपाळ तुमच्या अंकुरवर गेलं आहे. प्रणालीला मी सगळं सांगितलं, तिच्यापासूनही काही ठेवलं नाही. ती म्हणाली, “आईंना कळवलं का?” ‘आई’ म्हणजे तुम्ही.

म्हणून कळवते. दुसरं कुणालाच अजून सांगितलेलं नाही.

माया


वरूड
११ फेब्रुवारी, दुपार

मायाताई,

वाचलं. आचलला वाचायला लावलं नाही, मीच वाचलं.

अंकुरचे बाबा गाडी काढताहेत. संध्याकाळपर्यंत पोचतो. पेढे घ्यायला वरूडच्या चौकात थांबणार नाही, अजून नाही. तुम्ही काचेजवळून हलू नका, आणि मधूनच प्रणालीजवळ जाऊन बसा, ती एकटी पडली असेल. तिला म्हणावं, तुझ्या लेकराला तू काही कमी दिलेलं नाहीस.

गाडीत मला तुमचा फोन ऐकू यायचा नाही. आचलचा मोबाईल माझ्याच हातात राहील. टाचेतून रक्त घेतलं की दर वेळी आकडा लिहून पाठवत जा. वाढला तरी पाठवा. नाही वाढला तरी पाठवा.

कौशल्या